नंदीच्या शेपटीतला पाऊस

आमच्या गावामागच्या डोंगरात एक गुहा हाय. तिच्या छतातून पाणी टिपकतं आणि खाली चुन्याचा खडा वाढतो. बोटभर वाढायला म्हणे शेकडो वर्षं लागतात. किस्से त्या मानानं फार जल्दी साचतात. पुण्याची दगड तपासणारी मंडळी माझ्या घरी उतरायला लागली त्याला फार दिवस झाले न्हाईत, पण आता बसायला आलेल्या बाईला मला विचारावं लागतं, "चहा आधी घेती का किस्सा?" माझी शाळा चौथीपर्यंत. तरी लिहून राह्यले, कारण ही शिकलेली माणसं सगळ्या दुनियेचं लिहून ठेवतात, स्वतःचं तेवढं सोडून.

मंडळी म्हंजे तिघं. एक सर. उन्हात टोपी, सावलीत टोपी, जेवायला बसले तरी टोपी. दुसरी प्राची, त्यांची विद्यार्थिनी. डॉक्टर होऊन राह्यली होती, पण सुईवाली न्हाई, पुस्तकवाली. पोरगी आपल्याच, शेजारच्या कुंभार पिंपळगावची, पण पाचवीपासून हॉस्टेलात वाढलेली, त्यामुळं इथं पाव्हणी असल्यावानी वागायची. तिसरे रफीकभाई, अंबडचे जीपवाले. तिघांत खरं काम एकाच माणसाला होतं. रस्ता आमच्या गावाचा हाय ना.

०

पहिल्या दिवशी सर ओसरीवर बसले. मी विचारलं, "काम काय तुमचं?"

"आम्ही हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस शोधतो."

"यंदाचा सापडंना राह्यला आम्हाला. तो आधी बघता का?"

सर हसले. शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं न्हाई की तो हसतो. मंग त्यांनी मला समजावलं. झाडाच्या खोडाला जशी वर्षावर्षाची कडी असतात, तसे गुहेतल्या खड्याला थर असतात. ज्या साली पाऊस जास्त, त्या साली पाणी जास्त टिपकतं, थर जाड होतो. पाऊस कमी, थर बारीक. खडा कापला की आजवरचा सगळा पावसाळा समोर. आमच्याकडच्या काळ्या दगडात असं सहसा होत न्हाई म्हणे, पण आमच्या डोंगरात मधी चुन्याचा पट्टा निघाला.

"तुमच्या गावाचं नशीब मोठं," सर म्हणाले.

नळाला पाणी न्हाई, गावाला एसटी न्हाई, पण डोंगरात चुना हाय. लई बरं वाटलं ऐकून.

"म्हंजे पाऊस किती पडला ते दगडाला विचारायचं?"

"दगड खोटं बोलत नाही, काकू. माणसं बोलतात."

हे वाक्य सर गोळीसारखं घ्यायचे. जेवणाआधी आणि जेवणानंतर.

०

प्राची माझ्याजवळ चुलीपाशी येऊन बसायची. एकदा भाकरी थापता थापता मी विचारलं, "लग्नाचं काय तुझ्या?"

"आप्पांनी मुदत दिलीय. येत्या अक्षय तृतीयेपर्यंत दगड बोलला तर ठीक, नाही तर बोहल्यावर चढायचं."

आप्पा म्हंजे तिचे वडील. पिंपळगावात त्यांचं खतबियाण्याचं दुकान. सहा पोत्यांची ऑर्डर देतानाबी दहांदा विचार करणारा माणूस, त्यानं पोरीला एवढी वर्षं शिकू दिलं हेच लई झालं, असं सगळ्या भावकीचं म्हणणं. मुलगाबी बघून ठेवलेला, मंठ्याचा.

"कसा हाय मुलगा?"

"बघायला आला तेव्हा काही बोललाच नाही."

"मंग बाई, दोन्हीकडून दगडच हाय तुझ्या नशिबात."

पोरगी हसली. पण माझ्याकडं बघून न्हाई, परातीतल्या पिठाकडं बघून. तवाच मी ठरवलं, ह्या दगडाला बोलायला लावायचं. न्हाई बोलला तर त्याच्या वतीनं आपण बोलायचं.

०

आता अडचण अशी की तो दगड नुसता दगड नव्हता. गुहेत आत एक खोलगट जागा हाय, परातीसारखी. त्यात दोन खडे उभे. मोठा गोल तो आमचा महादेव, त्याच्यासमोर बुटका तो नंदी. सरांना त्यातलाच एक पाहिजे होता, बाकीचे म्हणे कामाचे न्हाईत. ग्रामसभा बोलावली.

सर उभे राहून म्हणाले, "हा ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ आहे."

बाबू गुरव, आमचा पुजारी, लगेच उठला. "देवाला नावं ठेवायची न्हाईत."

सरांनी घाईघाईनं विषय बदलला, आणि नको तिकडं गेले. म्हणाले, "या खड्यात अगदी कणभर युरेनियम असतं. त्यावरून त्याचं वय कळतं."

मागून कुणीतरी विचारलं, "बॉम्बवालं का?"

चहा येईपर्यंत डोंगराखालच्या जमिनीचा भाव दुप्पट झाल्ता. सरपंचाच्या ज्या रानात कुसळसुद्धा उगवत न्हाई, ते रान सरपंच विकणार न्हाईत असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. कुणी मागितलं नव्हतं. नंतर सरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "माझ्या बांधापर्यंत आलं असंल का हो ते?"

सर म्हणाले, "युरेनियम कणभरच असतं, आणि ते सगळीकडंच असतं."

"सगळीकडं? म्हंजे भावकीच्या रानातबी?" सरपंचाचा सगळा आनंद गेला.

शेवटी बाबूनं तोड काढली. "देवाच्या अंगाला हात लावायचा न्हाई. नंदीचं शेपूट घ्या. तेबी एकदाच. परत मागायचं न्हाई."

सर म्हणाले, "पण त्याला शेपूट कुठाय?"

"तुम्ही पुण्याचे, तुम्हाला दिसणार न्हाई."

ठराव झाला. नंदीच्या मागच्या बाजूनं, वरून खाली, पेन्सिलीएवढी एक कांडी काढायची.

जाता जाता बाबू सरांना म्हणाला, "सर, पावसाचंच शोधून राह्यले ना तुम्ही? मंग हेबी ऐका. पाऊस दडला की आम्ही ह्याच देवाला कोंडतो."

देव कोंडणं म्हंजे काय ते मी सांगते. पाऊस न्हाई पडला की त्या खोलगट जागेच्या तोंडाला चिखलाचा बांध घालायचा, आणि देव नाकातोंडापर्यंत पाण्यात बुडवायचा. तसाच ठेवायचा, पाऊस येईपर्यंत. जीव गुदमरला की तो आभाळाकडं बघतो. प्यायला पाणी न्हाई म्हणून तळाला गेलेल्या विहिरीचं उरलंसुरलं पाणी देवाला पाजायचं, अशी आमची हुशारी. हंडे वाहतात बाया, डोक्यावर घेऊन, डोंगर चढून. देव गुदमरतो का न्हाई ते माहीत न्हाई, बाया बराबर गुदमरतात. पुरुष कडेला उभे राहून हर हर म्हणतात. त्यांचा घसा बसतो, म्हणून गूळपाणी आधी त्यांना.

प्राची तवा गुहेत माप घेऊन राह्यली होती, तिनं हे ऐकलं न्हाई. सरांनी ऐकलं, आणि बाबूच्या खांद्यावर हात ठेवला. "ते तुमच्या श्रद्धेचं झालं. हे विज्ञानाचं. दोन्ही वेगळं ठेवू या."

लई समजूतदार माणूस.

०

कांडी काढायच्या आधी सरांनी टिपकणाऱ्या पाण्याखाली काचेची एक बाटली ठेवली. महिनाभर पाणी गोळा करायचं, मंग पुण्याला नेऊन तपासायचं. बाबूला बजावलं, "हात लावू नका."

बाबूनं हात लावला न्हाई. पळीनं काढलं. छतातून थेट देवापाशी पडलेलं पाणी, बाटलीत तोलून धरलेलं, ह्याच्याहून चांगलं तीर्थ कुठं मिळणार? सोमवारी आलेल्या लोकांना त्यानं ते वाटून टाकलं. आणि सर यायच्या आदल्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की बाटली रिकामी.

बाबू माणूस मनाचा मोठा. एवढ्या लांबून पाव्हणा येणार, त्यानं रिकाम्या हातानं जावं का? त्यानं गावातल्या नळाचं पाणी आणून बाटली गळ्यापर्यंत भरली.

काही दिवसांनी प्राचीचा फोन आला. "काकू, गुहेत कुणी टीसीएल पावडर टाकतं का?"

टीसीएल म्हंजे ग्रामपंचायत टाकीत टाकते ती पांढरी पावडर, पाणी शुद्ध करायची. तीबी कधी टाकते, कधी सहीपुरती टाकते. मी बाबूला पकडलं. तो शांतपणे म्हणाला, "वैनी, पाणी ते पाणी. मी तर उलट शुद्ध करून दिलं."

आणि सरपंचानं हे ऐकल्यावर काय करावं? गावभर सांगितलं, "बघा, आपल्या नळाला टीसीएल असते. पुण्यात सिद्ध झालं."

०

मंग कांडी निघाली. हातभर लांब, पांढरीफेक, मधी मधी पिवळ्या रेघा. तुकडे तुकडे निघाले, ते प्राचीनं माझ्या माडीवर वर्तमानपत्रावर ओळीनं वाळत घातले. वरचं टोक आजच्या पावसाचं, खालचं टोक जुन्यात जुन्या पावसाचं. मला म्हणाली, "काकू, मांजर येऊ देऊ नका."

मांजर आलं न्हाई. माझी सून आली.

अश्विनीला पाचवा महिना लागल्ता. आमच्याकडं दिवस गेलेल्या बायांना काय काय खावंसं वाटतं ते सांगायला नको. कुणी चुलीची भाजकी माती खातं, कुणी पाटीवरची पेन्सिल. अश्विनी पेन्सिलवाली. दुकानदारानं पेन्सिली आणायचं बंद केल्तं, कारण आता पोरंबी मोबाईलवर लिहितात. बिचारी माडीवर पापड बघायला गेली, आणि पुढ्यात ओळीनं वाळत घातलेला खजिना.

दुपारी प्राची वर गेली आणि तिनं अशी हाक मारली की मला वाटलं साप निघाला. खालच्या टोकाचे तुकडे गायब. अश्विनी दारात उभी, ओठाला पांढरं लागलेलं.

"वहिनी, खाल्ले?"

"मला वाटलं तुम्ही सगळ्यांसाठी आणल्यात."

सर भिंतीला टेकून बसले. बोटांवर हिशोब करून म्हणाले, "शेवटच्या निजामाच्या आधीचा सगळा पाऊस गेला."

माझ्या सुनेच्या पोटात. दुसरी कांडी मागायची सोय न्हाई, ठराव एकदाचाच झालेला. प्राचीच्या हातात उरला तो वरचा तुकडा, अलीकडच्या शंभरेक सालांचा. हजार वर्षांचा पाऊस शोधायला आलेली पोरगी, तिला आजा-पणजाच्या पावसावर भागवायचं होतं.

सर जाताना अश्विनीला म्हणाले, "एक विचारू? चव कशी होती?"

"सुरुवातीला खारट. पण मागचा तुकडा लई चांगला होता."

सरांनी ते लिहून घेतलं. देवाशपथ.

०

उरलेला तुकडा रफीकभाई पुण्याला घेऊन निघाले. प्राचीनं तो कापसात गुंडाळला, डब्यात घातला, डबा पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला. सर मागं बसले. रफीकभाई मला म्हणाले, "भाभी, मेरी बीवी को कभी पट्टा नहीं बांधा मैंने. ये पत्थर का नसीब देखो."

निवडणुकीची आचारसंहिता चालू होती. वडीगोद्रीच्या फाट्यावर पोलिसांनी गाडी अडवली. पुढच्या सीटवर पट्टा बांधलेला डबा बघून त्यांना खात्रीच झाली की आत पैसा हाय.

"काय आहे यात?"

"बारिश है साब. सूखी हुई."

पोलिसानं डबा उघडला. कापूस काढला. आतून निघाली खडूच्या तुकड्याएवढी कांडी.

सर मागून म्हणाले, "शंभर वर्षांपासूनचा पाऊस आहे तो."

पोलीस दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मंग त्यानं कांडीचा वास घेतला आणि साहेबाला ओरडून सांगितलं, "साहेब, पिलेले न्हाईत. असेच हायेत."

०

आता शेवटचा. हा मी बसायला आलेल्या प्रत्येक बाईला सांगते, आणि काहीजणींना दोनदा सांगितलाय.

अक्षय तृतीया तोंडावर आलेली. सर आणि प्राची कांडीचा निकाल घेऊन आले. शाळेच्या वर्गात सगळं गाव बसवलं. बाकांवर पुरुष, खाली बाया, नेहमीसारखं. सरांनी भिंतीवर एक लांबलचक कागद टाचण्यांनी लावला. त्यावर एक रेघ, करवतीच्या दातासारखी वरखाली. रेघ वर गेली तर त्या साली पाऊस लई. खाली आली तर दुष्काळ. खाली बारीक अक्षरांत सालं लिहिलेली.

प्राचीचे आप्पाबी आल्ते. दारात उभे, पायातली चप्पल न काढता. काखेत पिशवी. पिशवीत मंठ्याच्या मुलाचा बायोडाटा, हे मला प्राचीनं हळूच सांगितलं. तिचे डोळे सुजलेले. मी म्हटलं, "काय झालं?"

"काकू, सरकारी पावसाच्या नोंदीशी एकही वर्ष जुळत नाही. सर म्हणतात नोंदी चुकीच्या असतील, डोंगरावर वेगळा पाऊस पडला असेल. आज गावानं बरोबर म्हटलं तर माझं काम वाचेल. नाही तर हा दगड कचऱ्यात."

एवढंच ना? मी बायांना डोळ्यांनी खुणावलं. सर काय वाटंल ते म्हणू दे, आपण मान हलवायची. पोरीसाठी खोटं बोलायला सगळ्या तयार झाल्या. बाबूलाबी निरोप गेला. बाकांवरचे पुरुष तर न सांगताच मान हलवतात.

सरांनी सगळ्यात उंच टोकावर छडी ठेवली. "हे वर्ष बघा. इथं तुमच्याकडं अफाट पाऊस झाला. एकोणीसशे बहात्तर."

आता खोट्यालाबी काही माप असतं का न्हाई? बहात्तरचा दुष्काळ. एवढा मोठा घास आमच्याही घशाखाली उतरंना. एकाही बाईची मान हलली न्हाई.

मी म्हटलं, "सर, बहात्तरला माझी सासू दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खाऊन जगत होती. तुमच्या पावसात भिजत फोडत होती का?"

"काकू, माणसाची आठवण..."

"खोटं बोलते. ठाऊक हाय. पुढचं उंच टोक कोणतं?"

प्राची खाली बघून म्हणाली, "दोन हजार बारा."

शेजारची गंगूबाई फिसकन् हसली. "बारा साली आमची मोसंबीची बाग उभी वाळली. कुऱ्हाड लावली मालकांनी. अजून तेच सरपण जाळून राह्यले मी."

"दगड खोटं बोलत नाही," सर म्हणाले. पण ह्या वेळी जरा बारीक आवाजात.

तवर कोपऱ्यातून हुंदका आला. बघते तर बाबू गुरव. हात जोडलेले, डोळ्यांतून पाणी. "बहात्तरला माझा बाप पुजारी होता. देव कोंडला तवा नंदीची शिंगं बुडाली होती म्हणायचा. आणि बाराला तर मी सोताच बांध घातल्ता. आम्हाला वाटलं वाया गेलं सगळं." त्यानं नाक पुसलं. "लागलं म्हणायचं कुठंतरी."

"काय लागलं?" सर म्हणाले. "काय बुडालं?"

गंगूबाईनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. सगळ्या बायांचा हात आपोआप आपल्या मानेवर गेला.

प्राची एकदा बायांकडं बघायची, एकदा कागदाकडं. तिचं तोंड उघडंच.

दारात आप्पांनी चप्पल काढली. आत आले, थेट कागदापर्यंत गेले, चष्मा वर करून ती रेघ ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. त्यांचं दुकान बियाण्याचं. कोणत्या साली माल खपला आणि कोणत्या साली पोत्यात किडला, हे त्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ह्याच डोंगरावर हंडे वाहून तुझ्या आज्जीची मान आखडलेली होती," ते पोरीला म्हणाले. "शेवटपर्यंत. ध्यानात हाय का?"

"हो आप्पा."

"मंग ते उलटं लाव."

"काय?"

"कागद. खालची बाजू वर कर."

प्राचीनं टाचण्या काढल्या. एक टाचणी खाली पडली ती बाबूनं उचलून दिली. कागद फिरवून लावला. बहात्तर गेलं पार तळाला. बारा गेलं त्याच्या शेजारी. आणि ज्या साली ओढ्याचा पूल वाहून गेल्ता ते साल आलं वर, शेंड्याला.

सगळं गाव माना वाकड्या करून वाचत होतं. मंग बाकांवरून, खालून, खिडकीतून एकच आवाज आला, "हां. आता बराबर हाय."

सर कागदाजवळ गेले. टोपी काढली, पहिल्यांदाच. डोक्यावर केस न्हाईत हे तवा कळलं.

"अहो, पण अक्षरं उलटी झाली," ते म्हणाले. "वर्षंसुद्धा मागची पुढं आणि पुढची मागं गेली."

आप्पा दारात जाऊन चप्पल घालून राह्यले होते. पिशवी काखेत नीट दाबली.

"ते ती करंल सरळ," ते म्हणाले. "लागू द्या किती दिवस लागतात ते. मंठ्याच्या लोकांना मी सांगतो थांबायला."